राजाराम कॉलेजचा पैलवान

1940 आणि 1944 ही दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. महायुद्धाने ती गिळली. त्या काळात जगभरच्या शाळा-कॉलेजांत जी मुले मैदान गाजवत होती, त्यांची उमेदीची वर्षे अशीच गेली. त्या पिढीतल्या आपल्याकडच्या एका विद्यार्थी-खेळाडूची आज आठवण करू या. खाशाबा दादासाहेब जाधव हे त्यांचे नाव.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी 15 जानेवारी 1926 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे तालमीची माती घरातच होती. 1940 ते 1947 ही वर्षे कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये गेली. कुस्ती तर होतीच, पण धावणे आणि पोहणे यांतही हा मुलगा पुढे असे. 1942 मध्ये सातारा जिल्हा पेटला. सोळा वर्षांच्या खाशाबांनी भूमिगतांना आसरा देण्याचे, त्यांचे निरोप पोचवण्याचे काम केले. अशा धामधुमीत त्यांचा सराव चालू राहिला, याचेच मला नवल वाटते.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथे गेल्यावर खरी अडचण कळली. आयुष्यभर लाल मातीत खेळलेल्या पैलवानाला आता मॅटवर लढायचे होते. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर तो सरकतो. नियमही वेगळे. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी थोड्या दिवसांत जमेल तेवढे शिकवले. खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले.

त्या पथकाचा ध्वज होता फुटबॉलचे कर्णधार तालिमेरेन आओ यांच्या हाती. हेही युद्धकाळातले विद्यार्थीच. कलकत्त्यात डॉक्टरी शिकता शिकता मोहन बागानकडून खेळणारे. त्यांचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सकडून 1-2 असे हरले. त्या दिवसांत आपला मराठवाडा अजून निजामाच्या राज्यात होता. लंडनमध्ये जो तिरंगा मिरवला जात होता, तो औरंगाबादेत फडकवणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. मुक्ती मिळाली ती 17 सप्टेंबरला, ऑलिंपिक संपल्यानंतर महिनाभराने.

चार वर्षे खाशाबांनी कसून मेहनत केली. 1952 मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले, पण पैसे कुठे होते? सरकारकडून पुरेशी मदत मिळेना. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तीही अपुरी. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. त्या काळी प्राध्यापकाच्या घरात 7000 रुपये म्हणजे केवढी रक्कम, याचा हिशेब जुन्या श्रोत्यांनीच करावा. विद्यार्थ्यावर एवढा विश्वास टाकणारे प्राचार्य त्या काळीही थोडेच असतील.

हेलसिंकीत बॅंटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लढत लांबली. ती हरल्यावर विश्रांती न देताच रशियाच्या रशीद ममेदबेकोव्ह यांच्यासमोर त्यांना उभे केले गेले, असे सांगतात. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा त्यांचा हक्क होता, पण तो मागायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी जवळ नव्हता. 23 जुलै 1952 रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक कऱ्हाड स्टेशनावरून गोळेश्वरला निघाली. सत्कार झाले, हारतुरे झाले. पण खाशाबांच्या डोक्यात खर्डीकर सरांचे घर होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून ते घर सोडवले.

1955 मध्ये ते पोलिसात फौजदार झाले आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, वर्ष 2000 चा. भारताला पुढचे वैयक्तिक पदक 1996 मध्ये लिअँडर पेसने मिळवून दिले. महाराष्ट्राला मात्र 2024 पर्यंत थांबावे लागले. पॅरिसमध्ये नेमबाजीत ते कांस्य जिंकले स्वप्नील कुसाळे याने, आणि तोही कोल्हापूर जिल्ह्याचाच.