गेरूचे गाव आणि गिरणीचे गाव

फ्रान्सच्या दक्षिणेस लुबेरॉन प्रदेशात रुसियों नावाचे एक टुमदार गाव आहे. त्याची घरे पिवळी, नारिंगी, तांबडी. कारण ज्या टेकडीवर ते वसले, तिच्या पोटातच गेरू आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस झां-एतियें आस्तिए याने ती वाळू धुऊन रंग वेगळा काढण्याची रीत बसविली आणि गावाला भाकरी मिळाली. पुढे कृत्रिम रंगांनी ती हिरावून नेली. 1963 साली तेथील एक कारखाना बंद पडला. आता त्याच जागी गेरूची विद्या शिकविली जाते.

एका धंद्याने घडविलेले गाव म्हटले की आम्हांस आपले सोलापूर आठवते. येथे खाण नव्हती, कापूस होता आणि विणकर होते. 1877 साली मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांची गिरणी येथे सुरू झाली. मागाहून आणखी गिरण्या आल्या, म्हणून ही ‘जुनी मिल’ ठरली. भोंग्यावर शहर उठू लागले. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे आली, आणि मराठी-कानडीच्या जोडीला तेलुगू बोली पेठापेठांतून रुजली. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर येथे जो उठाव झाला व लष्करी कायदा पुकारला गेला, त्यात गिरणी कामगारांचा वाटा मोठा होता.

परंतु जुन्या मिलच्या इतिहासातील एक प्रकरण फारसे कोणी सांगत नाही. ऑगस्ट 1949 मध्ये ही गिरणी बंद पडली. कारण दिले गेले ते गैरकारभाराचे. हजारो हात रिकामे झाले. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून व्यवस्थापन आपल्याकडे घेतले. चिरंजितलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींच्या बहुमताने त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात मात्र, डिसेंबर 1953 मध्ये, न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला: भरपाईवाचून अशी मालमत्ता घेता येत नाही. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हाही एक. कामगाराची भाकरी मोठी की भागधारकाचा हक्क, हा देशापुढचा प्रश्न आमच्या या गिरणीने उभा केला! कायद्याचे विद्यार्थी आजही सोलापूरचे नाव वाचतात. सोलापूरकरांना मात्र ते क्वचितच ठाऊक असते.

मालकाच्या नावाची मुरारजी पेठ आहे. ‘जुनी मिल कंपाउंड’ म्हटले की पत्ताही सापडतो. साचेवाल्याच्या नावाची पेठ आम्हांस आढळली नाही. रुसियोंत गेरू कसा धुतला जाई, हे मुलांना कारखान्यातच दाखवितात. आपल्या मुलांना साचा म्हणजे काय, पाळी कशी बदले, भोंगा चुकला तर काय होई, हे सांगावयास घरात एखादे आजोबा असावे लागतात. आणि असे आजोबा आता थोडेच उरले आहेत.