गाडी एमएच पासिंगची, प्रवास कर्नाटक-गोव्यात : विमा चालतो का?

कागलहून निपाणीला, चंदगडहून बेळगावच्या बाजाराला किंवा बेळगावातून चोर्ला घाटाने गोव्याला गाडीने जाणारे अनेकजण विचारतात, ‘आमचा इन्शुरन्स महाराष्ट्रातला, तो इकडे चालतो का?’ चालतो. विम्याची सक्ती मोटार वाहन कायदा, १९८८ या केंद्रीय कायद्याने केली आहे. पासिंग एमएच असो, केए असो की जीए, चालू पॉलिसी देशभर लागू असते. हद्द ओलांडली म्हणून वेगळा विमा काढावा लागत नाही.

सक्ती कशाची?
कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा हवाच. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी जखमी झालं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई त्यातून मिळते. खासगी कारने दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं, तर ७.५ लाख रुपयांपर्यंत. स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी यात येत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ वेगळा घ्यावा लागतो.

पाच वर्षांची दुचाकी तपासा
१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ३ आणि नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. घेताना एकदा पैसे भरले की पुढे तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि विमा कधी संपला ते कळतही नाही.

विमा नसेल तर?
पहिल्यांदा २ हजार रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दंड ४ हजार. पण खरा फटका अपघातानंतर बसतो. भरपाई लाखांत ठरते आणि ती मालकाच्या खिशातून, वेळ आली तर घर-शेती विकून द्यावी लागते.

अपघात पलीकडच्या राज्यात झाला तर?
दावा तिथेच लावला पाहिजे असं नाही. जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही जाऊ शकतात. कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे. म्हणून पोलिसांत नोंद, पॉलिसीचा तपशील आणि दवाखान्याची कागदं लगेच गोळा करा.

मुक्काम हलवला, गाडी विकत घेतली
दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल, तर आधीच्या आरटीओची एनओसी घेऊन नवीन नंबर घ्यावा लागतो. नवा नंबर, नवा पत्ता विमा कंपनीलाही कळवा. जुनी गाडी घेतलीत, तर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

नाक्यावर कागदं मागितली, तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते. पुढच्या फेरीला निघण्याआधी त्यातच विम्याची शेवटची तारीख बघून घ्या.