शौचकूपांतील कागद : रद्दीपासून अरण्यापर्यंत

कागदाचा इतिहास म्हटला म्हणजे ग्रंथ, फर्मानें आणि वर्तमानपत्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्याच्या वाट्याला कसलाच मान नाहीं, असाहि एक कागद आहे. आणि त्याची परंपरा फार जुनी आहे. चीनमधील पंडित यान जीथुई ह्यानें सहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वंशजांसाठीं उपदेशपर ग्रंथ लिहिला. त्यांत तो म्हणतो कीं, ज्या कागदावर प्राचीन ग्रंथांतील वचनें किंवा सत्पुरुषांचीं नांवें असतील, तो शौचाच्या कामीं घेण्यास आपण धजत नाहीं. बाकीची रद्दी त्या कामीं जात असे, हें ह्या संकोचावरूनच उघड होतें. इ. स. ८५१ मधील एका अरबी वृत्तांतांत, चिनी लोक पाणी न घेतां कागदानेंच शुद्धि करतात, अशी नापसंतीची नोंद आहे. पाण्याची रीत पाळणाऱ्या देशास ती नापसंती समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

पुढें १३९३ सालीं मिंग दरबारासाठीं अशा कागदाचे ७,२०,००० ताव तयार करण्यांत आले. सामान्य जनांचा जाडाभरडा कागद मात्र भाताच्या पेंढ्याचा असे. युरोपांत तर सर्वच कागद जुन्या चिंध्यांपासून होई. चिंध्यांचा तुटवडा पडूं लागला तेव्हां लंडनमध्यें मॅथायस कूप्स ह्यानें छापील रद्दीची शाई काढून नवा कागद करण्याचें पेटंट १८०० सालीं मिळविलें; पण त्याचा कारखाना थोड्याच वर्षांत बुडाला. १८४४ च्या सुमारास सॅक्सनींतील केलर ह्यानें लाकूड घासून लगदा करण्याची युक्ति काढली, आणि कागदाचें मूळ चिंध्यांच्या गांठोड्यांतून अरण्यांत गेलें.

न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयेटीनें १८५७ मध्यें खास शौचासाठीं सुटे ताव विकावयास काढले. लोकांना ती उधळपट्टी वाटली. घरांत जुनीं वर्तमानपत्रें फुकट असतांना त्यासाठीं पैसे कोण मोजणार? परंतु पुढें गुंडाळ्या आल्या, नळाचीं शौचकूपें वाढलीं आणि ती उधळपट्टी संवय बनली.

ह्या संवयीची किंमत वनांनीं आणि नद्यांनीं दिली. लगदा पांढराशुभ्र करण्यासाठीं वापरलेल्या क्लोरिनमुळें गिरण्यांच्या सांडपाण्यांत डायॉक्सिन नांवाचीं घातक विषें उतरतात, हें १९८० नंतरच्या दशकांत उघडकीस आलें. तेव्हां अनेक गिरण्यांनीं क्लोरिन वायु सोडून ऑक्सिजन, हायड्रोजन पेरॉक्साइड इत्यादि उपाय पत्करले. वनांची निगा राखून मिळविलेल्या लांकडाची खूण पटावी म्हणून १९९३ मध्यें फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था निघाली.

ज्या घरीं असा कागद लागतो, तेथें निवड करतांना एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वहीचा कागद रद्दी होऊन पुन्हां जन्म घेतो. शौचकूपांतील कागदाचा तो शेवटचाच जन्म. प्रत्येक खेपेस तंतु आंखूड होत जातात, आणि आंखूड तंतु ह्या कामास पुरेसे असतात. म्हणून लोकांनीं वापरून टाकलेल्या रद्दीचा, क्लोरिनवांचून केलेला, किंचित् मळकट दिसला तरी चालेल असा कागद घ्यावा. वेळूचा कागदहि बरा, मात्र वन तोडून त्या जागीं वेळू लावलेला नसावा. एका क्षणाच्या उपयोगासाठीं शंभर वर्षांचें झाड पाडणें हें चिनी पंडिताच्या काळीं कोणास सुचलें नसतें. त्यांची रद्दी आणि त्यांचा पेंढाच ह्या बाबतींत अधिक शहाणा होता.