पिंगुळीची पोथी आणि मुलांचं पुस्तक

कुडाळात येऊन पिंगुळीवर बोलायचं म्हणजे मामाच्या घरी जाऊन मामाचीच ओळख करून देण्यासारखं आहे. त्यामुळे आधीच सांगते, चित्रकथी म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायला मी आलेले नाही. आजचा विषय आहे मुलांची चित्रपुस्तकं. त्यातही जरा तऱ्हेवाईक, मोठ्यांना 'हे काय भलतंच' वाटावं आणि मुलांनी मात्र फाटेपर्यंत वाचावं, अशी. मराठीत ती उशिरा का आली, हा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना मी फिरून फिरून पिंगुळीला येते.

२०२१ सालची पद्मश्रींची यादी आठवा. त्यात महाराष्ट्रातून एक नाव होतं, परशुराम गंगावणे, आपल्या पिंगुळीचे. टाळ्या वाजल्या, सत्कार झाले. त्याच यादीत तामिळनाडूतून एक मरणोत्तर नाव होतं, के. सी. शिवशंकर. हे कोण, असं इथे विचारलं तर फार हात वर येणार नाहीत. पण खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेतलेला विक्रम राजा आठवतो का? आठवतो! तो ज्यांनी काढला ते हे. 'चांदोबा'त चित्राखाली 'शंकर' एवढंच असायचं. जवळजवळ साठ वर्षं त्यांनी त्या मासिकासाठी चित्रं काढली. दोघांचाही धंदा एकच, चित्रातून गोष्ट सांगण्याचा. दोघांना एकाच वर्षी पद्मश्री मिळाली, आणि ही गोष्ट माझ्या तरी वाचनात कुणी एका वाक्यात लिहिलेली नाही. या दोघांमध्ये एक फरक आहे. माझं आजचं सगळं बोलणं त्या फरकावरच आहे.

आधी पोथी. ठाकर समाजातल्या चित्रकथींची पोथी म्हणजे बांधलेलं पुस्तक नव्हे, सुटी पानं. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, म्हणजे एका पानावर पुढे-मागे दोन चित्रं. अशी पंचवीस-तीस पानं झाली की एक आख्यान. सुरुवातीला गणपती आणि शारदा, मग रामायण-महाभारतातला प्रसंग, तोही संस्कृत ग्रंथातला असेलच असं नाही, इकडच्या तोंडी परंपरेतला. मुख्य सांगणारा एक, साथीला दोघं-तिघं. वीणा, टाळ, हुडूक. सांगणारा चित्र उभं धरतो, गातो, मध्येच गद्यात येतो, पात्रांचं बोलणं बोलतो आणि पान बदलतो. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे, म्हणजे धंदा जुना. सावंतवाडीच्या राजघराण्याने त्याला आश्रय दिला.

आता या चित्रांकडे मुलाच्या नजरेने बघा. मागे झाड नाही, डोंगर नाही, घर नाही. मोकळा कागद आणि त्यावर माणसं. चेहरे बहुतेक बाजूने काढलेले, डोळे मात्र भलेमोठे. ही माणसं थेट चामड्याच्या बाहुल्यांची भावंडं वाटतात, आणि ते साहजिक आहे, कारण बाहुल्या नाचवणारे आणि चित्रं रंगवणारे एकाच समाजातले, कधी एकाच घरातले. राक्षस आला की चित्रकाराचा हात सुटतो. देव जरा शिस्तीत काढावे लागतात. राक्षस कसाही चालतो, त्याला दात किती आणि डोळे कसे हे विचारणारं कुणी नसतं. तऱ्हेवाईकपणा म्हणतात तो हाच.

कुणी म्हणेल, बाई, पोथी देवळात सांगायची, तिला मुलांचं पुस्तक कसं म्हणता? बरोबर आहे. पोथी मुलांसाठी नव्हती. पुढच्या रांगेत मुलं बसायची, तेवढंच. मी म्हणते आहे ते घडणीबद्दल. त्या पोथीत चित्र हे मजकुराला लावलेलं तोरण नाही. मजकूर पानावर नाहीच, तो सांगणाऱ्याच्या तोंडी आहे. चित्र नसेल तर गोष्ट उभी राहत नाही आणि सांगणारा नसेल तर चित्र मुकं. आणि दुसरं म्हणजे चित्र आणि शब्द एकाच घरचे. आजच्या भाषेत चांगल्या चित्रपुस्तकाची व्याख्या विचाराल तर मी एवढीच करीन.

आता छापखान्याकडे येऊ. मुलांसाठी छापलेलं मराठी पुस्तक म्हणून आपण 'बालबोध मुक्तावली'चं नाव घेतो. १८०६ साल, आणि छापलं कुठे, तर तंजावरला, सरफोजी राजांच्या पदरी. इसापच्या गोष्टी. म्हणजे पहिलंच पुस्तक मूळ ग्रीक, अनुवाद मराठी, छपाई तमिळ मुलखात! पुढे १८८१ साली विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक काढलं. ओक आपल्या कोकणातले, हेदवीचे. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा अंकाचा साचा, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं एकहाती भरला. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' आला. या लोकांचे उपकार मी विसरत नाही. पण मुलाला शहाणं करायचं हे तिथे आधी ठरलेलं होतं, आणि शहाणपण अक्षरांतून येतं हेही ठरलेलं होतं.

त्याला छपाईचं तंत्रही जबाबदार आहे, नुसता लेखकांना दोष देऊन चालणार नाही. खिळे जुळवून मजकूर छापायचा, चित्रासाठी वेगळा ब्लॉक करून घ्यायचा. प्रत्येक ब्लॉकला पैसे. रंग हवे असतील तर प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून काढायचा. मग प्रकाशक काय करणार? लेखकाकडून मजकूर घेणार, तो जुळवणार, आणि जिथे जागा उरेल तिथलं माप चित्रकाराला कळवणार, 'इथे एक मुलगा आणि मांजर द्या.' चित्रकार शेवटी येतो, कमी पैशांत येतो, आणि पुष्कळदा त्याचं नाव मुखपृष्ठावर नसतंच. गंगावणे आणि शंकर यांच्यातला फरक तो हा. 'चांदोबा' मराठीत १९५२ साली आला. त्यातली चित्रं फार सुंदर, पण गोष्ट दुसऱ्याने लिहायची आणि शंकरनी काढायची. पिंगुळीत हे दोन खांदे वेगळे नव्हते.

जगात ज्यांनी विक्षिप्त पुस्तकांना सुरुवात केली, त्यांच्यातल्या पुष्कळांना दोन्ही येत होतं, हा योगायोग नव्हे. एडवर्ड लिअर मुळात चित्रकार. त्याचं निरर्थक कवितांचं पुस्तक १८४६ चं, चित्रं त्याचीच. बंगालीत सुकुमार राय; 'आबोल ताबोल' १९२३ चं, त्यातले ते अशक्य प्राणी त्यांनीच काढलेले. ज्याला प्राणी काढता येतो तो आधी प्राणी काढतो आणि मग हा बोलेल काय, असा विचार करतो. लेखक आधी बोलणं लिहितो. वेडेपणा कुठून शिरतो, ते बघा.

मग मराठीत वेडेपणा आलाच नाही का? आला, आणि तोही याच जिल्ह्यातून आला. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. विंदांची 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' १९६१ ची, 'अजबखाना' १९७४ चा. आणि १९८१ साली 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ'! भुतं मुलांना घाबरवण्यासाठी नसून घरातल्या पाहुण्यांसारखी असू शकतात, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण हा वेडेपणा शब्दांतला होता. चित्र पुन्हा दुसऱ्या हाताचं.

ऑफसेट आलं तेव्हा हे बदलण्याची सोय झाली. अख्खं पान चित्र म्हणून छापता येऊ लागलं, अक्षरं चित्राच्या पोटात बसवता येऊ लागली. सोय झाली म्हणून माणूस मिळतो असं नाही, पण मराठीला माधुरी पुरंदरे मिळाल्या. चित्रकलेचं शिक्षण मुंबईत आणि पुढे पॅरिसला, शिवाय गायिका, शिवाय फ्रेंचमधून अनुवाद. लिहिणार त्या आणि काढणारही त्याच. 'राधाचं घर' घ्या. घरातली रोजची माणसं, उपदेश नाही. 'बाबांच्या मिशा'मधल्या अनूला बाबांच्या मिशा आवडतात, एवढंच भांडवल! आणि 'चित्रवाचन' नावाचं त्यांचं पुस्तक आहे. चित्र वाचायचं असतं, हे त्या नावातच आलं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तंजावरच्या त्या पुस्तकापासून दोनशे वर्षांनी चित्र आणि शब्द पुन्हा एका हातात आलेले मराठी मूल पाहतंय, असं मला ही पुस्तकं उघडताना वाटतं. मध्ये कुणीच नव्हतं असं नाही, पण सलग, ठरवून, एका पुस्तकामागून एक असं काम दुर्मिळ.

आता जरा लांबचं उदाहरण. जपानमध्ये १९३० च्या दशकात 'कामिशिबाई' फार चालायची. सायकलवर लाकडी चौकट, तिच्यात चित्रांचे सुटे पुठ्ठे, सांगण्याचा मजकूर मागच्या बाजूला. माणूस गल्लीत येऊन गोळ्या विकायचा आणि गोष्ट सांगायचा. सुटी चित्रं, सांगणारा, बदलतं पान, म्हणजे आपल्या पोथीचीच चुलत बहीण. दूरदर्शन आलं आणि गल्लीतला तो धंदा बसला. पण चित्रकार कुठे गेले? काही चित्रकथांच्या पुस्तकांत गेले, काही मुलांच्या पुस्तकांत. आपण 'तोत्तोचान' मराठीत वाचतो. तिच्यावरची ती हळुवार चित्रं चिहिरो इवासाकींची. त्यांचं मुलांसाठीचं नाव झालं ते कामिशिबाईच्या एका गोष्टीमुळे. ती वाट तिथे मोकळी होती. इथे पिंगुळीहून मुंबई-पुण्याच्या बालपुस्तकांपर्यंत तशी वाट पडली नाही. मजा अशी की १९६७ साली मुंबईत मुलांसाठी एक मालिका निघाली, तिचं नावच 'अमर चित्रकथा'. नाव पोचलं. पोथी इथेच राहिली.

इथेच म्हणजे तरी कुठे? बऱ्याच जुन्या पोथ्या पुण्याच्या केळकर संग्रहालयात आणि इतरत्र गेल्या. जीर्ण झालेली पोथी पाण्यात सोडायची रीत, तीही त्यात. गंगावण्यांनी २००६ साली गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण', म्हणून आज काही बघायला तरी मिळतं. पण मला काळजी वाटते ती वेगळीच आहे. आज पिंगुळीत चित्रं विकली जातात, जायलाच हवीत, पोट आहे. पर्यटक एक चित्र घेतो, चौकट करून दिवाणखान्यात लावतो. एकच चित्र. पुस्तकातलं सतरावं पान फाडून भिंतीवर लावावं, तसं. चित्रकार आता सुटं चित्र काढायला शिकतोय. चाळीस चित्रांचा क्रम, कुठे थांबायचं, कुठे पान झटकन बदलायचं, हे सांगितल्याशिवाय हातात उरणार नाही. मुलांच्या पुस्तकाला नेमकं तेच लागतं. चित्र काढणारे पुष्कळ मिळतात, पान कधी उलटायचं हे कळणारे मिळत नाहीत.

म्हणून माझी एक विनंती. पिंगुळीला चित्र घ्यायला गेलात तर पैसे देण्याआधी विचारा, याच्या आधीचं चित्र कुठलं आणि पुढचं कुठलं. मी एकदा विचारलं होतं. ज्यांच्याकडून चित्र घेत होते त्यांनी हातातलं बांधलेलं पुडकं खाली ठेवलं, आत जाऊन पोथी आणली आणि गणपतीपासून सुरुवात केली. शेजारची दोन मुलं येऊन पुढ्यात बसली. माझी सावंतवाडीची एसटी चुकली.