लंडन ते जाकार्ता : भारतीय फुटबॉल-संघाची कथा

३१ जुलै १९४८ रोजीं लंडनजवळच्या इलफोर्ड येथील मैदानावर स्वतंत्र भारताचा फुटबॉल-संघ ऑलिंपिक स्पर्धेंत पहिल्यानें उतरला, तेव्हां इंग्रज प्रेक्षकांचें लक्ष चेंडूपेक्षां खेळाडूंच्या पायांकडे अधिक लागलें होतें. अकरांपैकीं आठ खेळाडू अनवाणी होते. संघाचा नायक तालिमेरेन आओ हा नागा टेकड्यांतला तरुण. कलकत्त्यास वैद्यकीचें शिक्षण घेतां घेतां तो मोहन बागान संघांतून खेळत असे. समोर फ्रान्सचा संघ होता. पूर्वार्धांत फ्रान्सनें एक गोल चढविला; उत्तरार्धांत सारंगपाणि रामन् यानें तो फेडला. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वायां गेल्या. एक शैलेन मन्नानें दवडली, दुसरी महावीर प्रसादनें. सामना संपावयास मिनिटभर उरलें असतां फ्रान्सनें दुसरा गोल केला व भारत एक विरुद्ध दोन असा हरला. हरलेल्या संघाची इतकी वाहवा क्वचितच झाली असेल.

अनवाणी खेळणें हें दारिद्र्याचें लक्षण होतें असें पुष्कळांस वाटतें, पण तें अर्धेंच खरें आहे. आपल्याकडे लहानपणापासून मुलें पायांत कांहीं न घालतां चेंडू खेळत. चेंडूवरील हुकमत उघड्या बोटांनीं अधिक साधते अशी त्यांची श्रद्धा होती. १९११ सालीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या बूट घातलेल्या गोऱ्यांना हरवून आय्. एफ्. ए. शील्ड जिंकली, तेव्हां त्या संघांत बूट घालणारा एकच गडी होता. त्या विजयानें अनवाणी पायांना एक प्रकारचें राष्ट्रीय तेज चढलें. पण कोरड्या, टणक जमिनीवर जें शोभतें तें युरोपांतील ओल्या, निसरड्या हिरवळीवर चालत नाहीं, हा धडा मिळावयास पुढें फार दिवस लागले नाहींत.

त्याआधीं १९५० सालची गोष्ट. ब्राझीलमधील जागतिक चषकासाठीं ब्रह्मदेश आदि प्रतिस्पर्धी मागें हटले आणि एकही सामना न खेळतां भारताला प्रवेश मिळाला. स्वीडन, इटली व पॅराग्वे यांच्या गटांत भारताचें नांव घातलें गेलें. आणि भारत गेलाच नाहीं. कां गेला नाहीं, याचें घरोघर ठाऊक असलेलें उत्तर असें, कीं बुटांवांचून खेळूं देत नाहींत म्हणून आमच्या खेळाडूंनीं नकार दिला. ही कथा इतकी गोड आहे, कीं ती खोटी ठरवितांना कोणासही वाईट वाटावें. तथापि तारखा पाहिल्या म्हणजे ती टिकत नाहीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें भारताचे कित्येक खेळाडू अनवाणीच मैदानांत उतरले आणि त्यांना कोणीं अडविलें नाहीं. बूट हाच जर अडसर असता, तर तो हेलसिंकीलाही आडवा आला असता.

खरीं कारणें कमी रम्य आहेत. १९३७ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय फुटबॉल संघटनेनें संघनिवडीवरील मतभेद व सरावास अपुरा वेळ हीं कारणें पुढें केलीं. प्रवास लांबचा आणि खर्चाचा होता हें खरें. पण त्या खर्चाचा बराचसा भार उचलण्यास यजमान तयार होते. संघनायक शैलेन मन्ना यांनीं उत्तरायुष्यांत सांगितलें, कीं त्या काळीं कारभाऱ्यांना ऑलिंपिक तेवढें मोठें वाटे. जागतिक चषकाचें महत्त्व कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें. ज्या इटलीचे उत्तमोत्तम खेळाडू आदल्याच वर्षीं सुपर्गाच्या डोंगरावरील विमान-अपघातांत मृत्युमुखीं पडले होते, ती इटली आगबोटीनें ब्राझीलला गेली. भारतानें मात्र तिकीट हातीं असतांना प्रवास रद्द केला. तें तिकीट पुन्हां कधीं मिळालें नाहीं.

पुढच्या बारा वर्षांची कथा ही मुख्यतः एका माणसाची कथा आहे. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पुढें शारीरिक शिक्षणाचा अभ्यास केलेले. हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखालीं तयार झाला आणि १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें त्यानें मुंबईस येऊन रोव्हर्स चषक नेला. कूपरेजवर ते सामने पाहिलेल्या वडीलधाऱ्यांकडून ज्या श्रोत्यांनीं त्या खेळाचीं वर्णनें ऐकलीं असतील, त्यांना रहीमसाहेबांची रीत वेगळी सांगावयास नको. चेंडू पायांत घोळवीत बसण्यापेक्षां एका स्पर्शांत साथीदाराकडे द्यावा, आणि दुबळा पायही उजव्याइतकाच तयार असावा, असा त्यांचा आग्रह असे. नुसत्या दुबळ्या पायानें खेळावयाचे सामनेही ते मुलांसाठीं भरवीत. हें शाळामास्तरालाच सुचावें!

१९५१ च्या मार्चमध्यें दिल्लीस पहिली आशियाई क्रीडास्पर्धा झाली. अंतिम सामन्यांत मेवालालच्या एकमेव गोलानें भारतानें इराणला हरवून सुवर्णपदक मिळविलें. पुढच्याच वर्षीं हेलसिंकीस युगोस्लाव्हियानें त्याच भारताचा एक विरुद्ध दहा असा धुव्वा उडविला. अहमद खाननें केलेला गोल हीच काय ती अब्रू. या पराभवानंतर संघटनेनें बूट सक्तीचे केले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा अभिमान मुंबई-गोव्याच्या लोकांनीं विशेष बाळगावा. पहिल्या फेरींत हंगेरीचा संघ न आल्यानें भारताला चाल मिळाली. १ डिसेंबर रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाशीं गांठ पडली. गोव्यांतील आसगांवचा व मुंबईंत टाटांच्या संघांतून खेळणारा नेव्हिल डिसूझा यानें त्या दिवशीं तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. चौथा गोल किट्टूनें केला व भारत चार विरुद्ध दोन असा जिंकला. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही डिसूझाचाच होता. कांहीं क्षण हेलसिंकीचा सूड उगविला असें वाटलें; मग युगोस्लाव्हियाच्या बाजूनें चार गोल झाले. ब्राँझपदकाच्या सामन्यांत बल्गेरियानें तीन गोलांनीं हरविलें आणि भारत चौथा आला. त्या स्पर्धेंत अवघे अकरा संघ खेळले होते, हें सांगितल्यावांचून या चौथ्या क्रमांकाचें खरें मोल समजत नाहीं. परंतु सर्वाधिक गोल करणाऱ्यांत डिसूझाचें नांव होतें, तें कोणाच्या गैरहजेरीमुळें नव्हे.

गुणांच्या दृष्टीनें पाहतां १९६० चा रोमचा संघ मेलबर्नच्या संघापेक्षां सरस म्हणावा लागेल, जरी तो गटांत शेवटचा आला. हंगेरीशीं तो एक विरुद्ध दोन असा हरला; फ्रान्सशीं सामना बरोबरींत सुटला, त्यांत नायक प्रदीपकुमार बॅनर्जी यानें गोल केला; पेरूनें मात्र तीन विरुद्ध एक असें हरविलें. त्यानंतर आजपावेतों भारताचा फुटबॉल-संघ ऑलिंपिकमध्यें दिसलेला नाहीं.

आतां जाकार्ता. १९६२ च्या आशियाई स्पर्धेंत इंडोनेशियानें इस्रायल व तैवान यांना येऊं दिलें नाहीं. या खेळांचे एक जनक गुरुदत्त सोंधी यांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि त्याचा राग तेथील जमावानें भारतीय वकिलातीवर व भारतीय खेळाडूंवर काढला. मैदानावर भारताचें नांव निघालें कीं हुर्यो उडे. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें दोन गोलांनीं हरविलें. नंतर थायलंड व जपान यांवर विजय मिळाले, पण या दरम्यान बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचें डोकें फुटून त्यास टांके पडले. रहीम यांनीं त्याला बसविलें नाहीं, आघाडीवर खेळविलें! उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानें गोल केला. ४ सप्टेंबर रोजीं अंतिम सामन्यांत पुन्हां दक्षिण कोरिया. पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनीं एकेक गोल केला. अखेरीस कोरियानें एक फेडला, आणि चुनी गोस्वामीच्या नेतृत्वाखालीं भारतानें दोन विरुद्ध एक असें दुसरें सुवर्णपदक घेतलें. रहीम त्या वेळीं कर्करोगानें पोखरले गेले होते. ११ जून १९६३ रोजीं ते वारले.

पुढील इतिहास थोडक्यांत आटोपतो. १९६४ च्या आशियाई चषकांत चार संघांत भारत दुसरा आला, १९७० सालीं बँकॉकला ब्राँझपदक मिळालें, आणि मग पदकें संपलीं. बाकीचा आशिया पद्धतशीर तयारीस लागला असतां आपल्याकडे कित्येक वर्षें नव्वदऐवजीं सत्तर मिनिटांचे सामने चालू होते. शेवटचीं वीस मिनिटें परदेशांतच खेळावयाचीं, आणि हरावयाचींही तेव्हांच! पुढें आशियाई चषकांत १९८४, २०११, २०१९ व २०२४ सालीं भारत खेळला. त्यांत २०१९ सालीं थायलंडला चार विरुद्ध एक असें हरविलें एवढाच एक विजय. २०२४ सालीं तर तिन्ही सामन्यांत एकही गोल झाला नाहीं.

नेव्हिल डिसूझा १९८० सालीं वारला. मुंबईंत वांद्र्याच्या एका फुटबॉल-मैदानास आज त्याचें नांव आहे.