वाळू सरकते, पाइप उघडा पडतो

माटुंग्यात राहणाऱ्या माणसाला समुद्र फारसा आपला वाटत नाही. समुद्र गिरगावकरांचा, दादरकरांचा, माहीमकरांचा. आमच्या वाट्याला फाइव्ह गार्डन्सची झाडं, रुईया कॉलेजचा नाका, फुलांची दुकानं आणि गरम इडली. पण मुंबईचा नकाशा समोर धरला तर माटुंगा दोन पाण्यांच्या मधोमध बसलेला दिसतो. पश्चिमेला दादर-माहीमची चौपाटी पायी जाण्याच्या अंतरावर आणि पूर्वेला वडाळा ओलांडला की शिवडी, माहुल आणि मुंबई बंदर. आज मला बोलायचं आहे ते या पाण्याच्या तळाशी असलेल्या एका गोष्टीविषयी. ती दिसत नाही, म्हणून तिचा विचारही होत नाही. दृष्टीआड सृष्टी, दुसरं काय!

ही गोष्ट म्हणजे समुद्राखालून येणाऱ्या तेलाच्या आणि वायूच्या पाइपलाइनी. तुम्ही म्हणाल, त्यांचा माटुंग्याशी काय संबंध? संबंध अगदी स्वयंपाकघरापर्यंत आहे. आमच्याकडच्या पुष्कळ घरांतून सिलिंडर गेला आणि भिंतीवर मीटर आला. महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि तिचं वायू उतरवून घेण्याचं एक केंद्र आमच्या शेजारी वडाळ्यालाच आहे. शहराच्या या पुरवठ्याला पहिल्यापासून आधार मिळाला तो समुद्रातल्या विहिरींचा. डाळीला फोडणी देताना कोणाला समुद्र आठवत नाही, पण त्या ज्योतीमागे शेकडो किलोमीटर लांबीचं पोलाद पाण्याखाली पडलेलं असतं.

त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबई बंदरात पाण्याखालून तेल वाहू लागलं ते १९५०च्या दशकात. १९५४-५५च्या सुमाराला माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. मोठी तेलजहाजं लागायची ती बंदरातल्या बुचर बेटाला, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपाला. तिथून कारखान्यापर्यंत तेल न्यायचं तर पाण्याखालून पाइप टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पुढचा टप्पा फार मोठा. १९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले आणि लगोलग १९७४च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या खोदाईयंत्राला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात तेल लागलं. हेच आपलं ‘मुंबई हाय’, त्या वेळचं ‘बॉम्बे हाय’. मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल जहाजांनी आणत. मग १९७८ साली मुंबई हायपासून उरणपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटरची तेलाची आणि वायूची पाइपलाइन कामाला लागली आणि उरणहून पुढे ट्रॉम्बेकडे तेल-वायू वाहू लागले. त्याच वर्षी, ऑगस्ट १९७८मध्ये, कायद्यानं भारतीय तटरक्षक दल अस्तित्वात आलं. समुद्रातल्या या नव्या संपत्तीचं रक्षण हेही त्यामागचं एक कारण होतं.

समुद्रात पाइप टाकतात कसा? पोलादी नळ एकमेकांना जोडत जहाजावरून तळाशी सोडतात. गंजू नये म्हणून त्यावर लेप असतो आणि त्यावर काँक्रीटचं जाड कवच. काँक्रीट कशाला, तर वजनासाठी. वायूनं भरलेला मोठा नळ हलका असतो. त्याला वजन दिलं नाही तर तो तळाला राहायला तयार नसतो. खोल पाण्यात तो तळावर ठेवला तरी चालतं. पण किनाऱ्याजवळ लाटा आहेत, होड्या आहेत, नांगर आहेत. तिथे चर खणून त्याला गाडावं लागतं. गाडून झालं की नकाशावर रेषा मारतात, किती खोल गाडला त्याची नोंद होते आणि काम पुरं झालं असं सगळे समजतात.

खरी मेख इथेच आहे. जमिनीत गाडलेली वस्तू सहसा गाडलेलीच राहते. समुद्रात तसं नाही. दादरच्या चौपाटीवर लहानपणी खेळलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो हातानं दाखवील, ‘वाळू पार तिथपर्यंत होती.’ आज भरतीच्या वेळी तिथे उभं राहायला जागा शोधावी लागते. पावसाळ्यातल्या लाटा वाळू ओढून नेतात आणि थंडीत शांत झालेला समुद्र ती परत आणून टाकतो, हा निसर्गाचा जमाखर्च आहे. मधे भराव आला, धक्का आला, भिंत आली, नदीनं आणायची वाळू धरणात अडली, की जमा कमी होते आणि खर्च तेवढाच राहतो. केंद्र सरकारच्या किनारा संशोधन केंद्रानं १९९०पासूनच्या उपग्रहचित्रांवरून जो अभ्यास केला, त्यात देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजताना आढळला. महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा त्यात येतो. जिथे मुंबई हायचं तेल-वायू उतरतं, त्या उरणच्या नागाव-पीरवाडी किनाऱ्याच्या धुपेचं गाऱ्हाणंही जुनंच आहे.

किनारा मागे हटतो तेव्हा फक्त काठाची वाळू जात नाही. उथळ पाण्यातला तळही खाली जातो. दहा-वीस वर्षांपूर्वी पुरुषभर खोल गाडलेला पाइप हळूहळू वर आल्यासारखा होतो. तो वर आलेला नसतो, त्याच्या अंगावरचं पांघरूण गेलेलं असतं. पुढे त्याच्या खालचीही वाळू वाहून जाते आणि दोन टेकूंमध्ये बांधलेल्या वाळत घालायच्या दोरीसारखा तो अधांतरी लोंबकळू लागतो. प्रवाहात तो थरथरतो. एका दिवसात काही होत नाही. पण तार वरखाली वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, तसंच पोलादाचंही होतं. आणि त्याआधीच एखाद्या बोटीचा तळ किंवा नांगर त्याला लागला, तर वाट पाहायची गरजच उरत नाही.

असं घडलेलं आहे. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताला लागून लुइझियाना आणि टेक्सास ही राज्यं आहेत. मिसिसिपी नदीला बांध घातल्यानं तिचा गाळ किनाऱ्याला मिळेनासा झाला. तेलासाठी दलदलीत कालवे खणले गेले. १९३२पासूनच्या सुमारे पंच्याऐंशी वर्षांत एकट्या लुइझियानानं जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटर जमीन गमावली. त्याच किनाऱ्याखाली पाइपलाइनींचं जाळं आहे. १९८७च्या जुलैत ‘सी चीफ’ नावाची मासेमारी बोट अशा एका पाइपवर आदळली, दोघे गेले. ३ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासमधल्या सबीन पासजवळ ‘नॉर्थम्बरलँड’ ही बोट किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या मैलावर, उथळ पाण्यात मासे धरत होती. तिचा धक्का १६ इंची वायुवाहिनीला बसला. उसळून वर आलेल्या वायूनं पेट घेतला आणि क्षणात बोट ज्वाळांनी वेढली गेली. बोटीवर १४ माणसं होती. त्यांतली ११ गेली. चौकशीत निष्कर्ष निघाला की मूळ जेवढ्या खोलीवर पाइप गाडला होता, तेवढ्या खोलीवर तो ठेवण्याची जबाबदारी कंपनीनं पाळली नव्हती.

‘ठेवण्याची’ हा शब्द लक्षात घ्या. गाडणं हे एकदाचं काम, गाडलेलं ठेवणं हे कायमचं. पुढच्याच वर्षी, १९९०मध्ये, तिथे कायदा झाला. आखातातल्या पंधरा फुटांहून उथळ पाण्यातल्या पाइपलाइनी तपासायच्या. एखादी उघडी पडलेली सापडली तर २४ तासांत सरकारला कळवायचं, सात दिवसांत तिथे खुणेचे बोये बांधायचे आणि साधारण सहा महिन्यांत ती पुन्हा तीन फूट गाडायची. अकरा माणसांच्या मरणातून आलेला हा नियम आहे.

आता आपल्याकडे वळू. १७ मे १९९३ रोजी मुंबई हायला पाइप फुटला आणि हजारो टन तेल समुद्रात गेलं. तेलाचा तवंग मुरूडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. २७ जुलै २००५ला, मुंबई पुरात बुडालेली असताना, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हायच्या उत्तरेकडच्या फलाटावर आदळलं. त्याचा धक्का तळातून वर येणाऱ्या उभ्या पाइपाला बसला, आग लागली, सारा फलाट नष्ट झाला आणि २२ माणसं गेली. २१ जानेवारी २०११ला मुंबई-उरण मुख्य पाइपलाइनीलाच, मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवर, गळती लागली. या घटना किनाऱ्याच्या धुपेमुळे झाल्या असं मी म्हणत नाही, प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. पण उघडा पाइप आणि फिरतं जहाज यांची गाठ पडली की काय होतं, हे २००५नं आपल्याच दारात दाखवून दिलं आहे.

शिवाय आपलं बंदर काही रिकामं नाही. १९८९पासून पलीकडे जवाहरलाल नेहरू बंदर आलं, मोठ्या जहाजांसाठी तळ खणून मार्ग खोल केले गेले. ऑगस्ट २०१०मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि वाहतूक काही दिवस थांबली. जानेवारी २०२४मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूची आखणी करतानाही तळातल्या पाइपलाइनींचा आणि केबलींचा विचार करावा लागला. पुलाचे खांब कुठे रोवायचे हे ठरवताना अभियंत्यांना या रेषा पाहाव्याच लागल्या. मासेमाऱ्याच्या हातात मात्र त्या रेषा क्वचितच असतात.

माहीमच्या कोळीवाड्यात एका वयस्क नाखव्याशी बोलताना मी विचारलं, ‘नाखवा, खाली पाइप आहे की खडक, हे तुम्हाला कळतं कसं?’ ते हसले. म्हणाले, ‘जाळं अडकलं की कळतं, मास्तर.’ त्या उत्तरात विनोद कमी आणि माहिती जास्त होती. कोळी बांधवांचं डोल जाळं तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं असतं, ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. दोघांचाही संबंध थेट तळाशी. आणि अडकलेलं जाळं सोडून देणं सोपं नसतं, कारण त्याची किंमत मोठी असते. मग ओढाताण होते.

याला आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते. ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, होड्या समुद्रात जातात. पण तळाची पाहणी करणाऱ्या जहाजांना निवांत समुद्र लागतो आणि तो मिळतो दिवाळीच्या सुमाराला. म्हणजे दोन-तीन महिने उसळलेल्या समुद्रानं तळ कुठे किती खरवडला, याचा पहिला शोध घेतं ते कोळ्याचं जाळं. पाइपाचा फायदा आपल्या चुलीला आणि त्याची पहिली परीक्षा त्याच्या बोटीला, असा हा हिशेब आहे.

धोका लगेच दिसतो असंही नाही. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२१च्या वादळात जहाजांच्या नांगरांनी एक तेलवाहिनी जागची हलवली, ती गळू लागली ऑक्टोबरमध्ये. आठ महिने कोणाला पत्ता नव्हता. ऑक्टोबर २०२३मध्ये बाल्टिक समुद्रात फिनलंड-एस्टोनियामधली वायुवाहिनी अशाच नांगरानं फाटली. पाइप मार खाऊन गप्प बसतो, आणि बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. तेलउद्योगाच्या सुरक्षेसाठी १९८६ साली संचालनालय स्थापन झालं, समुद्रातल्या कामासाठी २००८ साली स्वतंत्र नियम आले. देहरादूनचं जलसर्वेक्षण कार्यालय सागरी नकाशे काढतं आणि त्यावर पाइपलाइनी दाखवलेल्या असतात. प्रश्न असा आहे की ही माहिती शेवटच्या होडीपर्यंत मराठीत, समजेल अशी जाते का? किनाऱ्याजवळचा पट्टा दर पावसाळ्यानंतर आधी तपासावा, उघडा पाइप सापडला तर मासेमार सोसायट्यांना त्याच आठवड्यात कळवावं, तिथे बोया बांधावा. जाळं अडकल्याचं कळवणाऱ्या नाखव्याला चौकशीच्या फेऱ्यात न अडकवता जाळ्याची भरपाई द्यावी. त्याचं जाळं हे कंपनीचं फुकटचं पाहणीयंत्र आहे, त्याचं ऐकण्यात तिचाच फायदा.

मुंबईनं सात बेटं जोडली, समुद्राला मागे रेटलं, आणि किनारा म्हणजे आपण मारलेली रेघ असं समजायला लागली. समुद्राला ती रेघ मान्य नाही. तो आपली वाळू दरवर्षी इकडची तिकडे करतो. त्याच्या तळाशी आपण काही ठेवलं असेल, तर ते जागेवर आहे का हे दरवर्षी जाऊन पाहणं, एवढं भाडं आपल्याला भरावंच लागेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)