अकरावीचा उंबरठा: चाकूरच्या निमित्ताने

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी हायस्कूल कसे वाढते, याचा एक ठरलेला क्रम आहे. दरवर्षी एकेक वर्ग जोडत शाळा दहावीपर्यंत येते. शिक्षण खात्याच्या भाषेत याला 'नैसर्गिक वाढ' म्हणतात. दहावीचा निकाल बरा लागू लागला की संस्थाचालक अकरावीच्या मागे लागतात. बहुधा आधी कला शाखा येते, कारण तिला एक खोली, एक फळा आणि चार शिक्षक पुरतात. विज्ञान शाखेला प्रयोगशाळा हवी, उपकरणे हवीत, पाण्याची सोय हवी. म्हणून ती मागून येते. मात्र एकदा आली की ती आधीच्या शाखेला मागे सारते. लातूर-नांदेड रस्त्यावरचे चाकूर हे अशाच गावांपैकी एक. शाळांच्या या वाढीकडे आपण प्रशासकीय बाब म्हणून पाहतो. आम्हांस मात्र ती भाषेचा इतिहास म्हणून वाचावीशी वाटते.

१९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. हायस्कूलचे शिक्षण उर्दूतून आणि त्यावर कळस १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचा. या विद्यापीठासाठी १९१७ मध्येच 'दारुल तर्जुमा' हा भाषांतर विभाग उभा राहिला आणि भौतिक, रसायन, गणित, इतकेच नव्हे तर वैद्यकही उर्दूतून शिकविले जाऊ लागले. आधुनिक विज्ञान देशी भाषेत उच्च पातळीपर्यंत शिकविता येते, हे त्या काळी इतक्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध करणारा दुसरा प्रयोग भारतात विरळाच. मराठवाड्याच्या दुर्दैवाने ती देशी भाषा इथल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा नव्हती. उस्मानियाचा उल्लेख आपण केवळ उर्दूची सक्ती म्हणून करतो, तेव्हा त्या प्रयोगातला धडाही आपण नाकारीत असतो.

या सक्तीला उत्तर म्हणून गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय अशा शाळा उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होते, हे सर्वश्रुत आहे. या शाळांनी मराठी राखली आणि मुक्तिसंग्रामाला माणसे दिली. त्यांची कीर्ती झाली ती भाषा, इतिहास आणि देशप्रेम यांच्या बळावर. मराठीत विज्ञानाची परंपरा घडविण्याइतकी सवड आणि साधने त्यांना मिळाली नाहीत.

चाकूरचे सर्वपरिचित नाव म्हणजे शिवराज पाटील चाकूरकर (१९३५-२०२५). लोकसभेचे अध्यक्ष, पुढे केंद्रीय गृहमंत्री झालेल्या या गृहस्थांची पहिली पदवी विज्ञानाची होती, आणि तीही उस्मानिया विद्यापीठाची. त्या पिढीतल्या चाकूरच्या मुलाला विज्ञानासाठी हैदराबाद गाठावे लागे, ही गोष्ट अंतरापुरती नाही. १९४८ नंतर उस्मानियातली उर्दू मागे पडली, पण तिची जागा इंग्रजीने घेतली. राजवट बदलली, शाळेत मराठी आली; विज्ञानाच्या वर्गाची भाषा मात्र पुन्हा दुसऱ्याचीच राहिली.

पुढे महाविद्यालये जवळ येत गेली. १९५० साली औरंगाबादला डॉ. आंबेडकरांचे, पुढे 'मिलिंद' म्हणून प्रसिद्धीस आलेले महाविद्यालय आणि नांदेडला स्वामीजींच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ. मग लातूरचे दयानंद आणि उदगीरचे उदयगिरी. नरहर कुरुंदकर आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कुलात शिक्षक होते, नंतर पीपल्स कॉलेजात गेले. मराठीचा शिक्षक इतिहास, राज्यशास्त्र, संगीत, धर्मशास्त्र असा कुठेही तर्काने फिरू शकतो, हे त्यांनी दाखविले. कला शाखेची याहून मोठी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

१९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि दहा-दोन-तीन या आकृतिबंधाने अकरावी-बारावी हायस्कुलांच्याच आवारात आणून ठेवली. खेड्यातल्या मुलांची, विशेषतः मुलींची, फार मोठी सोय झाली. त्याचबरोबर पूर्वी शहरात जाऊन होणारी फाटाफूट आता एकाच व्हरांड्यात होऊ लागली. या खोलीत मराठीतून इतिहास, शेजारच्या खोलीत इंग्रजीतून रसायन. मुले तीच, गाव तेच. दहावीपर्यंत एका बाकावर बसलेली.

दहावीपर्यंतच्या शाळेत 'कला' म्हणजे चित्रकला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसविणारे चित्रकलेचे शिक्षकच विज्ञानाचे तक्तेही रंगवून देत. प्रयोगवहीचे एक पान कोरे, आकृतीसाठी. समोरचे रेघांचे, मजकुरासाठी. जास्वंदीचे फूल उभे कापून पाहायचे, मग काढायचे, मग मराठीत वर्णन करायचे. पाहणे, रेखाटणे आणि सांगणे या तिन्ही क्रिया त्या वहीत एकत्र होत्या. अकरावीत गेल्यावर 'कला' या शब्दातून चित्र निघून जाते आणि विज्ञानातून मराठी.

लातूरने पुढे जो मार्ग घेतला तो सर्वांना माहीत आहे. ज्यांना 'लातूर पॅटर्न'चे जनक म्हटले जाते ते प्राचार्य जनार्दन वाघमारे मूळचे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. अमेरिकन निग्रो साहित्यावरच्या त्यांच्या लेखनाचे ऋण मराठी वाचक मानतात. साहित्याच्या माणसाच्या हातून विज्ञानाच्या गुणवत्तेची ही चळवळ उभी राहावी, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. उलट दोन्ही शाखा एका मनात नांदू शकतात, याचे ते प्रमाण आहे. पण पुढे पॅटर्न उरला आणि ते मन मागे राहिले. विज्ञानाच्या मुलाला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान किंवा द्विलक्षी विषय घेता येऊ लागला, आणि गुणांच्या हिशेबात मराठी सुटली. कला शाखा ही उरलेल्यांची जागा ठरली.

इथे न्याय्य आक्षेप असा की, या विज्ञानवर्गांनीच कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले डॉक्टर आणि अभियंते केली. त्यांना मराठीच्या गळ्याची आण घालणारे तुम्ही कोण? आक्षेप खरा आहे. आमची तक्रार विज्ञानाविषयी नाही आणि मुलांविषयी तर नाहीच. तक्रार आहे ती भाषेचा उंबरठा शाखेच्या उंबरठ्यावरच बसविला गेला याविषयी. 'सेमी-इंग्रजी'मुळे तो आता अकरावीवरून खाली, शाळेतच सरकला आहे. २०२० चा मराठी सक्तीचा कायदाही दहावीशी थांबतो.

चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथचे बेट आहे, औषधी वनस्पतींसाठी ओळखले जाणारे. तिथल्या झाडपाल्याची नावे मराठीत आहेत, गुणधर्म लोकांच्या तोंडी आहेत. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी तिथे जातो तेव्हा लॅटिन नाव लिहून आणतो. ते आणलेच पाहिजे. त्या नावाशेजारी गावचे नाव आणि त्यामागची गोष्ट लिहून घ्यायला कला शाखेचा विद्यार्थी बरोबर असावा, एवढी व्यवस्था एखाद्या हायस्कुलाला शासनाच्या परवानगीवाचूनही करता येईल. त्यासाठी नवी तुकडी लागत नाही. एकाच व्हरांड्यातली दोन दारे एका दुपारपुरती उघडी ठेवावी लागतात.